जुन्या ॲल्युमिनियम होडीचा ट्रान्सम कुजलाय, तिथे काय बसवावं?

मिनेसोटात एप्रिलच्या सुमारास तळ्यांवरचा बर्फ गेला की घराघरांपुढे ट्रेलरवर जुन्या होड्या विकायला उभ्या राहतात. १४ किंवा १६ फुटी, रिव्हेट मारलेल्या, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या. लुंड, ॲल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलायनर ही सगळी याच राज्यातली नावं, त्यामुळे इथे अशा होड्यांना तोटा नाही. किंमत ऐकून मोह होतो, पत्राही ठणठणीत दिसतो. घरी आणल्यावर मागच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो ओल्या भुशात शिरावा तसा मुठीपर्यंत आत जातो.

इथल्या ओळखीच्या तीन मराठी घरांनी गेल्या दोन वर्षांत अशी होडी घेतली आणि तिघांनीही मला एकच विचारलं: हे लाकूड बदलायचं, पण कशाने? तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली. ती का वेगळी होती, ते इथे सविस्तर लिहितो.

ट्रान्सम म्हणजे होडीची मागची उभी भिंत. इंजिन तिच्यावरच लटकतं. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत बहुधा पाऊण इंची प्लायवुडचे दोन थर, म्हणजे दीड इंच लाकूड. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. इंजिनाचं वजन आणि त्याचा रेटा पेलतं ते लाकूडच. म्हणून होडी घेण्याआधी इंजिनाचा खालचा भाग धरून हळूच वर-खाली हलवा आणि नजर ट्रान्समच्या वरच्या कडेवर ठेवा. कड डुलली की आत काही उरलेलं नाही असं समजा. हातोडीने ठोकत गेलात तर धड लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द.

आधी, काय मुळीच नको

प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने रसायन मुरवलेलं, प्लायवुड. अंगणातल्या डेकसाठी मिळतं, हिरवट रंगाचं. ते कुजत नाही, म्हणून सगळ्यात आधी तेच डोक्यात येतं. माझ्याही आलं होतं. पहिल्या होडीला मी तेच बसवलं, वर तेलरंगाचे दोन हात दिले आणि चार उन्हाळे निर्धास्त मासे धरले. पाचव्या वर्षी तळाशी पाणी साचू लागलं. ट्रान्सम उघडला तेव्हा लाकूड नव्यासारखं होतं, पण त्याला टेकलेल्या पत्र्यावर पांढरी भुकटी धरली होती. संध्याकाळी होडीत दिवा ठेवला आणि मागे जाऊन पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके, हातभर पट्ट्यात, चाळणीसारखे.

त्या हिरव्या रंगात तांबं असतं. तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यात पाणी आलं की एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडातलं आर्सेनिकचं मिश्रण थांबलं. त्याच्या जागी जी मिश्रणं आली त्यांत तांबं आधीपेक्षा जास्त. तेव्हा "माझ्या आजोबांनी तेच वापरलं होतं, काही झालं नाही" असं एखादा शेजारी सांगेल, त्यावर जाऊ नका. लाकूड पुन्हा घालता येतं, पत्रा नाही. याच कारणासाठी होडीच्या तळाला तांबं असलेला शेवाळरोधक रंगही कधी लावू नये.

दुसरा नकार पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटाला, म्हणजे स्वयंपाकघरात भाजी चिरायला असतो त्याच जातीच्या एचडीपीईला. तो कुजत नाही हे खरं, पण सततच्या ओझ्याखाली हळूहळू वाकतो, आणि त्याला गोंद धरत नाही.

मरीन प्लाय की साधं एक्स्टीरियर प्लाय?

खरी निवड इथे आहे आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त. पुण्या-मुंबईत किचन ट्रॉलीसाठी आपण आयएस ७१० चा शिक्का असलेलं 'मरीन प्लाय' घेतो. त्याला बुरशी-वाळवीविरुद्धचं रसायन पाजलेलं असतं. त्यामुळे आपल्या मनात मरीन म्हणजे न कुजणारं, असं पक्कं बसलंय. अमेरिकेतल्या मरीन प्लायला असं रसायन नसतं. पाणी मिळालं तर तेही इतर लाकडासारखंच कुजतं. मग जास्तीचे पैसे कशाचे? आतल्या थरांत पोकळ्या नसण्याचे, गाठी कमी असण्याचे. गोंद तर चांगल्या एक्स्टीरियर प्लायमध्येही पाण्याला दाद न देणाराच असतो.

पोकळी नसण्याला किंमत आहे. इंजिनाचे बोल्ट आवळताना नेमकी खाली पोकळी आली तर तिथे लाकूड दबतं, बोल्ट सैल होतो, पाणी शिरतं. हिवाळ्यात त्याच पाण्याचा बर्फ होऊन थर सुटतात. पण एसीएक्स प्रतीचं (एक बाजू गुळगुळीत असलेलं, घराबाहेर वापरायचं) प्लाय घेतलं, कापल्यावर कडांवर दिसणाऱ्या पोकळ्या इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, नीट भरल्या, तर १४ फुटी होडीला आणि १५-२० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते पुरतं. मरीनमध्ये डग्लस फरचं मिळालं तर ते जड पण ताठ. ओकूमे या आफ्रिकी लाकडाचं हलकं आणि देखणं, मात्र ओल लागली तर लवकर हार मानतं. ट्रान्समला मी फर घेईन.

दोन्हींत फरक पडतो तो सील करण्याने, आणि माझा सगळा आग्रह तिथे आहे. महागडं मरीन प्लाय घेऊन वर नुसतं वॉर्निश मारलेला ट्रान्सम मी कुजलेला पाहिलाय. साध्या प्लायचा, मनापासून सील केलेला ट्रान्सम माझ्या सध्याच्या होडीत नवव्या वर्षी कोरडा आहे. दोन थर इपॉक्सीने चिकटवायचे, कडा गोल करायच्या, मग सगळ्या अंगाला इपॉक्सीचे तीन हात. कडांना आणखी एक, कारण पाणी पितात त्या कडाच. इपॉक्सी उन्हाने खराब होते, म्हणून उघड्या भागावर रंग हवाच.

आणि भोकं! सगळी मेहनत पाण्यात जाते ती भोकांपाशी. बोल्टला १० मिलिमीटरचं भोक लागत असेल तर आधी १६ चं पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, वाळू द्या, मग त्याच्या मधोमध १० चं पाडा. बोल्ट लाकडाला कधी शिवतच नाही. पाणी काढायच्या नळीचं भोकही असंच करायचं. लाकडाची खालची कड पत्र्याला घट्ट टेकवू नका, पाणी वाहून जायला पाव इंच फट ठेवा. बोल्ट स्टेनलेसचे, डोक्याखाली मरीन सीलंट.

हे सगळं उबेत करायचं काम आहे. बहुतेक इपॉक्सी १० अंश सेल्सिअसखाली नीट वाळत नाही. वॉलाय माशाचा हंगाम मेच्या मध्याला उघडतो आणि एप्रिलमध्ये गॅरेज अजून गारठलेलं असतं. म्हणून मार्चमध्येच जुनं लाकूड काढून फर्मा करून ठेवा. लाकडाचा चुरा झाला असेल तर फर्मा पुठ्ठ्याचा करा. इपॉक्सीचं काम तळघरात, खिडकी उघडी ठेवून करा.

कंपोझिट आणि वेल्डिंग

कूसासारखे कंपोझिट बोर्ड म्हणजे काचतंतू घातलेला दाट पॉलियुरेथेन फोम. प्लायपेक्षा हलके आणि कधीच न कुजणारे. साध्या करवतीने कापता येतात, पण धूळ अंगाला खाजते, तेव्हा मास्क आणि पूर्ण बाह्या. स्क्रू त्यात लाकडाइतका धरत नाही, म्हणून आरपार बोल्ट आणि मागे रुंद पट्टी लागते. किंमत प्लायच्या कितीतरी पट. शंभर-दोनशे डॉलरच्या होडीत तिच्याहून महाग बोर्ड घालणं मला पटत नाही, पण सिॲटल किंवा न्यू जर्सीला खाऱ्या पाण्यात होडी न्यायची असेल, किंवा पुढची वीस वर्षं तीच ठेवायची असेल, तर पटतं. पहिल्या घरच्यांना मी हाच सल्ला दिला. त्यांची होडी १६ फुटी, इंजिन ४० चं आणि मुलगाही मासेमारीत रमलेला. दुसऱ्यांच्या १४ फुटीला एसीएक्स सांगितलं.

लाकूडच नको, ॲल्युमिनियमची चौकट वेल्ड करू, असंही काही जण म्हणतात. नव्या, वेल्ड केलेल्या होडीत ठीक. जुन्या रिव्हेटच्या होडीत मात्र उष्णतेने जोडालगतचा पत्रा मऊ पडतो आणि शेजारचे रिव्हेट गळू लागतात. अशा पातळ पत्र्यावर रोज काम करणारा वेल्डर हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ट्रान्समबरोबर आणखी दोन गोष्टी

आसनांखालचा फोम उचलून पाहा. जुना फोम पाणी पिऊन दगडासारखा जड झालेला असतो. तो काढलात तर त्याच्या जागी नवा घालायलाच हवा, कारण होडी भरली तर तुम्हाला पाण्यावर धरून ठेवणारा तोच. एक घनफूट फोम साधारण ६० पौंड तोलतो. घरांच्या भिंतीत घालतात तो गुलाबी किंवा निळा दाट पॉलिस्टायरीन चालतो, पण त्याला पेट्रोलपासून जपा, पेट्रोलने तो विरघळतो. आणि तळाच्या फळ्यांवर गालिचा नको. तो वाळतच नाही, आणि खालचं लाकूड पुन्हा कुजायला लागतं.

तिसऱ्या घरी मी काहीच बसवू नका म्हटलं. होडी ट्रेलरवर ठेवून आम्ही तिच्यात चार-पाच बोटं पाणी भरलं (याहून जास्त नको, वजनाने तळ वाकतो) आणि खाली वाकून पेन्सिलने गळके रिव्हेट खुणावत गेलो. दहा-बारा असते तर पुन्हा ठोकून बसवता आले असते. पण आडव्या बरगड्यांपैकी दोन तडकल्या होत्या आणि कण्यालगत पत्र्याला लांब चीर होती. काकांना वाईट वाटलं. त्यांनी होडी भंगारात दिली, ट्रेलर आणि इंजिन ठेवलं. आता ते त्याच मापाच्या, पण धड पत्र्याच्या दुसऱ्या होडीच्या शोधात आहेत. इंजिन छोट्या शाफ्टचं (पंख्यापर्यंत जाणारा दांडा आखूड असलेलं) असल्याने ट्रान्समची उंची १५ इंच हवी, २० नव्हे. टेप कायम गाडीत असते.