17 तासांत आलेला कल्चर रिपोर्ट

लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत जंतूचं नाव, कुठलं अँटिबायोटिक चालेल, कुठलं नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तर खूश होऊ नका. तो रिपोर्ट बहुतेक कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून बनवलेला असतो. आमच्या घरात हेच घडलं, म्हणून लिहितेय.

माझे सासरे, अण्णा, सत्तरी ओलांडलेले. शुगर आहे, प्रोस्टेटचा त्रास आहे. एप्रिलमध्ये त्यांना थंडी वाजून ताप आला, लघवीला आग होत होती. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी कल्चरला सॅम्पल द्या, मगच सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्या. मी तेव्हा माहेरी निफाडला होते. घरच्यांनी सिडकोतल्या एका कलेक्शन सेंटरला फोन लावला. घरपोच सेवा, वर डिस्काउंट. मुलगा आला, लाल झाकणाची डबी भरून घेतली, स्कूटरच्या डिकीत टाकली आणि पुढच्या घरी गेला. ना बर्फ, ना थंड डबा. अशा उकाड्यात दोन तास लघवी बाहेर राहिली तरी त्यातले नको ते जंतू वाढून बसतात. पण ती डबी पुढे कुणी उघडली असेल, असं मला आता वाटत नाही.

मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजीत टेक्निशियन म्हणून काढली आहेत. घरी आल्यावर यांनी कौतुकाने मोबाइल पुढे केला, ‘बघ, किती फास्ट!’ सॅम्पल घेतल्याची वेळ संध्याकाळी 6:40. रिपोर्टची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी 11:35.

कल्चरमध्ये घाई चालत नाही, कारण जंतू आपल्या वेळेने वाढतो. मोजून 1 मायक्रोलिटर लघवी मावेल अशा लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, ती मॅकॉन्की किंवा क्लेड अगारच्या, म्हणजे जंतूंच्या खाद्याच्या, प्लेटवर ओढायची आणि प्लेट 35 ते 37 अंशांवर इनक्युबेटरमध्ये ठेवायची. 18 ते 24 तासांनी कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, दिसतात. ई. कोलाय या जंतूच्या मॅकॉन्कीवर गुलाबी, सपाटसर. क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूच्याही गुलाबीच, पण शेंबडासारख्या, लूप लावला की तार सुटते. तिथून पुढे ओळख पटवायची: ग्राम स्टेन (जंतूला रंग देऊन बघणं), मग इंडोल, सिट्रेट, युरिएज वगैरे रासायनिक चाचण्या. इंडोलमध्ये रिएजंटचे थेंब टाकल्याबरोबर वर लालभडक कडं आलं, की ई. कोलायकडे बोट जातं. आणि अँटिबायोटिकच्या चकत्या म्यूलर-हिंटन अगारवर ठेवून आणखी 16 ते 18 तास थांबायचं, मग प्रत्येक चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. म्हणजे हाताने केलं तर दोन दिवस कुठे गेले नाहीत. मशीन असेल तर दुसरा टप्पा काही तासांवर येतो, पण मशीनलाही आधी प्लेटवर वाढलेली कॉलनीच द्यावी लागते.

वेळ सोडा, मजकूर बघा. ग्राम स्टेनमध्ये लिहिलंय ‘ग्राम पॉझिटिव्ह कॉक्सी’, म्हणजे जांभळे गोल जंतू. आणि खाली कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए, जो ग्राम निगेटिव्ह, गुलाबी, दांडीसारखा! 1884 सालापासूनची पद्धत आहे ही, पहिल्या वर्षाची पोरंही यात चुकत नाहीत. पुढे एम्पिसिलिनसमोर ‘एस’, म्हणजे लागू पडेल. क्लेबसिएलाला एम्पिसिलिन मुळातच लागू पडत नाही. यादीत व्हॅन्कोमायसिनही होतं, जे या जातीच्या जंतूंवर कुणी लावूनच बघत नाही. कुणाच्या तरी दोन जुन्या रिपोर्टचे तुकडे जोडले होते, एवढंच.

आणि सेफिक्झिमसमोरही ‘एस’. त्या एका अक्षरामुळे डॉक्टरांनी तीच गोळी चालू ठेवली आणि अण्णांचा ताप काही हटेना.

सेंटरवर गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘ताई, आमचं ऑटोमॅटिक मशीन आहे.’ म्हटलं, असू दे, मला अण्णांची प्लेट दाखव. ‘प्लेट डिस्कार्ड झाली.’ बरं, कुठल्या लॅबला पाठवली ते सांग, रजिस्टर दाखव. तिने सरांना फोन लावून दिला. सर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फील्डमधल्या आहात, समजून घ्या. टायपिंग मिस्टेक असते कधीकधी.’ जंतू टाइप करताना चुकतो, ही माहिती मला नवीन होती!

गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये पुन्हा सॅम्पल दिलं, या वेळी मी स्वतः बर्फात नेलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: ई. कोलाय, मिलिलिटरला एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. हा जंतू असं एन्झाइम बनवतो की सेफिक्झिमसारखी औषधं त्याच्यापुढे निकामी. अण्णांची क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, बघून डॉक्टरांनी अमिकासिन हे दुसरं अँटिबायोटिक दिलं आणि ताप उतरला. मधले सगळे दिवस त्यांनी अंथरुणात कण्हत काढले, त्याचा हिशोब कुणाकडे मागायचा?

कुठेही कल्चर देण्याआधी विचारा की प्लेट याच जागी लागते की बाहेर जाते, आणि बाहेर जात असेल तर कुठे. ‘आयएसओ सर्टिफाइड’ या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आयएसओ 15189 या मानकावर मिळते आणि ती मान्यता खरी आहे का, ते एनएबीएलच्या यादीत शोधता येतं. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय. आमच्या रिपोर्टवर स्कॅन केलेली सही होती, खाली नोंदणी क्रमांकच नाही. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ मात्र डिलीट करू नका, वेळा त्यातच असतात.

मी तक्रार नोंदवल्यावर सेंटरचा मुलगा घरी आला. पाकिटात टेस्टचे पूर्ण पैसे आणि एक छापील कागद: ‘आमची काहीही तक्रार नाही’, खाली सहीसाठी रेघ. पाकीट आणि कागद दोन्ही त्याच्याच हातात परत दिले.