ब्राउझर न उघडता पट्टीचा हिशेब तपासताना: स्ट्रीमलिटचे ॲपटेस्ट

देवगडला आमच्या काकांची हापूसची बाग आहे आणि वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदांचा, हिशेब ठेवण्यासाठी मी त्यांना स्ट्रीमलिटमध्ये, म्हणजे पायथन भाषेत वेब ॲप बनवायच्या साधनात, एक छोटे ॲप करून दिले आहे. पेट्या किती गेल्या, पेटी किती डझनांची होती, भाव काय मिळाला, गाडीभाडे आणि हमाली किती कापली गेली, एवढे भरले की हाती येणारी रक्कम आणि पेटीमागची सरासरी दिसते. दोन हंगाम मी कोडमध्ये काहीही बदलले की ब्राउझर उघडून प्रत्येक रकाना हाताने भरत असे आणि आलेले आकडे कागदावरच्या पट्टीशी ताडून पाहत असे. यंदा ते काम मी ॲपटेस्टवर, म्हणजे स्ट्रीमलिटची ॲप कोडमधूनच तपासण्याच्या सोयीवर, सोपवले.

ॲपटेस्ट वेगळे बसवावे लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या १.२८ या आवृत्तीपासून ते स्ट्रीमलिटमध्येच आहे, आणि स्ट्रीमलिट स्वतः अपाची २.० परवान्याखाली मोफत मिळते. सेलेनियम किंवा प्लेराइट ही ब्राउझर आपोआप चालवून तपासणारी साधने वापरायची तर खराखुरा ब्राउझर चालवावा लागतो. प्लेराइट स्वतःचे ब्राउझर उतरवून घेते, ते काही शे एमबींचे असतात, आणि वळवाच्या एका सरीनिशी जिथे वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात तिथे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करणे जिवावर येते. ॲपटेस्टला यातले काहीच लागत नाही. स्ट्रीमलिटमध्ये वापरणाऱ्याने काहीही दाबले की पायथनची सगळी फाइल वरपासून खालपर्यंत पुन्हा चालते आणि पडद्यावर काय दाखवायचे याचे निरोप ब्राउझरकडे जातात. ॲपटेस्ट ती फाइल तशीच चालवते, मात्र ते निरोप ब्राउझरला न देता आपल्या हाती देते. म्हणून चाचणीत ‘पेट्या’ या नावाच्या रकान्यात ४० घाला, पुन्हा चालवा आणि रक्कम इतकी आली का पाहा, असे जवळजवळ बोलल्यासारखे लिहिता येते. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही सगळ्या चाचण्या चहाला उकळी येण्याच्या आत संपतात. सुरुवातीला एक अडचण आली ती वेळमर्यादेची: एका फेरीला मुळात ३ सेकंदच दिलेले असतात, आणि मागच्या हंगामांच्या पट्ट्या वाचताना माझी पहिलीच फेरी त्यापुढे जात होती. मर्यादा १० सेकंदांची केली, प्रश्न मिटला.

दोन गोष्टींत मात्र मी स्वतःच्याच हाताने फसले. रकान्यात किंमत घातली म्हणजे ॲप ती लगेच विचारात घेते असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ‘रन’ पुन्हा बोलावेपर्यंत उत्तर जुनेच राहते, आणि माझी चाचणी त्या जुन्या उत्तरालाच बरोबर ठरवत होती. दुसरी चूक अधिक महागात पडली असती. मे महिन्याच्या शेवटी पेट्या भरणे थांबते आणि उरलेला आंबा किलोवर कॅनिंगला जातो, त्यामुळे त्या दिवशीच्या नोंदीत पेट्यांच्या जागी शून्य येते. पेटीमागची सरासरी काढताना शून्याने भागाकार होऊन ॲप कोलमडत होते, तरी चाचणी हिरवीच, म्हणजे उत्तीर्ण. कारण कोडमध्ये झालेली चूक ॲपटेस्ट आपणहून चाचणीवर आदळत नाही. ब्राउझरमध्ये जशी लाल चौकट दिसते, तशी ती पडद्यावरचा आणखी एक घटक म्हणून नोंदवून ठेवते. माझी चाचणी तपासत होती ती कॅनिंगची एकूण रक्कम, आणि ती त्या भागाकाराच्या वरच छापली गेली होती. आता ‘एक्सेप्शन’ची, म्हणजे अशा नोंदवलेल्या चुकांची, यादी रिकामी आहे ना, ही ओळ मी प्रत्येक चाचणीच्या शेवटी लिहिते. ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, असे नव्याने वापरणाऱ्याला मी आग्रहाने सांगेन.

रकान्यांना ‘की’, म्हणजे कोडमधले वेगळे ओळखनाव, देण्याचा थोडा कंटाळा येतो, पण तो करू नये. क्रमांकाने हाक मारली आणि उद्या भाड्याच्या वर हमालीचा रकाना सरकला, तर चाचणी निमूटपणे भलत्याच रकान्यात आकडे भरते. गुप्त पासवर्डच्या जागी चाचणीपुरता खोटा देता येतो आणि सत्रातली जपलेली माहितीही आधीच भरून ठेवता येते. या दोन्ही सोयी चोख आहेत. आलेखांच्या बाबतीत मी वापरते त्या आवृत्तीकडून फार अपेक्षा ठेवू नये. भावाचा चढउतार दाखवणारा माझा आलेख मी आजही डोळ्यांनीच पाहते.

आणि डोळ्यांवरून आठवले. एप्रिलमध्ये, ऐन तोडणीच्या गडबडीत, ‘पट्टी जतन करा’ हे बटण मी पडद्याच्या बाजूच्या पट्टीत (साइडबारमध्ये) हलवले, म्हणजे मुख्य पान मोकळे दिसेल. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या, बटण दाबले गेले, पट्टी जतन झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतून काकांचा फोन आला: “गो बाय, ता बटण खंय गेला?” मोबाइलच्या लहान पडद्यावर स्ट्रीमलिटची बाजूची पट्टी मुळातच मिटलेली असते, आणि ती उघडायची खूण काकांना काही सापडेना. ॲपटेस्टला मिटलेली पट्टी आणि उघडी पट्टी सारखीच, कारण त्याच्यापुढे पडदाच नसतो. तिथे रंग, मांडणी, जावास्क्रिप्ट, बोटाखाली येणारी जागा यांपैकी काहीही नाही.

त्यामुळे हिशेबाच्या बाजूने मी ॲपटेस्टला पूर्ण गुण देते आणि दिसण्याच्या बाजूने एकही देत नाही. तो त्याचा दावाही नाही. ज्यांच्या ॲपमध्ये आकडेमोड जास्त आणि सजावट कमी, त्यांनी ते आजच वापरायला घ्यावे. बटण मी परत मुख्य पानावर आणले आहे. आता काही बदलले की आधी चाचण्या चालवते आणि मग ॲपचा दुवा काकांना पाठवून, अंगणात आंबे उतरवायचा झेला टेकवून ठेवून ते पहिली पट्टी भरेपर्यंत फोन चालू ठेवते.