लॅमिंग्टन रोडवरचं जिन्याखालचं दुकान: मशीनही वाचलं, दिवाळी अंकही

मी गिरगावात घरूनच डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावते. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल आणि वर्षातून एक दिवाळी अंक. २०२५ च्या सप्टेंबरात, ऐन पानं लावायच्या दिवसांत, माझं नऊ वर्षांचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सुरू व्हायलाच वीस मिनिटं घ्यायला लागलं. घड्याळ रोज सकाळी १ जानेवारी २०१६ वर जायचं, त्यामुळे मेलसुद्धा उघडेना. घराजवळच्या सर्व्हिसवाल्याने कॅबिनेट न उघडताच निकाल दिला, "बोर्ड गेलाय. तसंही विंडोज १० बंद होतंय, नवीनच घ्या." पंचेचाळीस हजारांचं कोटेशन! पितृपक्ष चालू होता, म्हणून सासूबाईंनी नवीन वस्तूला साफ नकार दिला. त्यांच्या सोवळ्याने माझे पैसे वाचले, हे कबूल करायलाच हवं.

मग टॅक्सीत सीपीयू मांडीवर घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. दुकानाच्या दादांनी आधी रॅम काढली, तिचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबराने घासले, परत बसवली. मग बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला. घड्याळाचं दुखणं तिथेच संपलं, पन्नास रुपयांत. खरा रोगी हार्डडिस्क होती. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, आणि बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग. "ताई, आधी फायली, मग बाकी सगळं," म्हणाले आणि सगळं जसंच्या तसं एसएसडीवर, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान नव्या डिस्कवर, क्लोन केलं.

विंडोज ११ टाकून द्या, असं मीच म्हटलं. त्यांनी दाखवलं: माझा आय-फाइव्ह सहाव्या पिढीचा, आणि ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जुगाड करून टाकता येतं, पण "ज्या मशीनवर पोट आहे, त्यावर मी नाही करणार." विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता १४ ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारसेच्या तीन दिवस आधी. माझी मुख्य भीती वेगळीच होती. जुन्या फॉन्टांचं डोंगल (कॉम्प्युटरला लावल्याशिवाय ते फॉन्ट चालत नाहीत अशी छोटी किल्ली) नव्या सिस्टिमवर चाललं नाही, रफार उडाले, जोडाक्षरं फुटली, तर अख्खा अंक पुन्हा प्रूफाला. त्यांनी सरळ सांगितलं, अंक छापून येईपर्यंत सिस्टिमला हात लावू नका. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा सिक्युरिटी अपडेटसाठी नोंदणी करून दिली. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू केला, म्हणून त्याचे पैसे पडले नाहीत. नवीन मशीन घ्याल तेव्हा डोंगल घेऊन या, दुकानातच लावून बघू, मगच पैसे द्या, असंही म्हणाले.

एकूण बिल ३,६५०, त्यात ५०० जीबीची एसएसडी. आता मशीन अर्ध्या मिनिटात उठतं.

तक्रारी आहेतच. "दोन तासांत देतो" म्हणजे संध्याकाळचे साडेसात. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि एसएसडीच्या वॉरंटीचा कागद मी आठवण केल्यावर खोक्यातून निघाला. फोन उचलतील याची खात्री नाही, थेट जा. रविवारी बंद असतं. जुनी हार्डडिस्क मात्र न विसरता मागून घ्या. माझी त्यांनी मार्करने "खराब" लिहून स्वतःहून परत दिली.