घर बांधताय? ओपीसी, पीपीसी की स्लॅग सिमेंट, कार्बनच्या हिशोबानं कोणतं घ्यावं

नागपुरात बेसा-मानेवाड्याकडं जिकडं बघाल तिकडं स्लॅब पडतायत आणि जो तो दुकानात जाऊन एकच मागतो, 53 ग्रेड ओपीसी द्या, म्हणजे राख-स्लॅग न मिसळलेलं साधं पोर्टलँड सिमेंट, 53 हा ताकदीचा दर्जा. मीही तेच मागणार होतो, मग बसून हिशोब मांडला आणि वरच्या मजल्याचं सगळं काम पीपीसीत, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटात केलं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, सिमेंटचा कार्बन नुसता कोळसा जाळल्याचा नसतो. चंद्रपूरकडं गडचांदूर, आवारपूरला जी चुनखडी भट्टीत जाते ती साधारण 1450 अंशापर्यंत तापवतात, आणि कार्बन त्या दगडातच असतो, 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो, मग भट्टी कशावरही चालवा. उत्सर्जनाचा साधारण 60 टक्के भाग हा असा दगडातला. भट्टीतून निघतं ते क्लिंकर. बोरीत क्लिंकर जेवढं कमी तेवढा कार्बन कमी.

ओपीसीत क्लिंकर साधारण 95 टक्के, म्हणजे 50 किलोच्या बोरीमागं ढोबळ 40 किलो कार्बन डायऑक्साईड. पीपीसीत 15 ते 35 टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाची बारीक राख असते, 30 टक्के धरली तर बोरीमागं कार्बन डायऑक्साईड 28 किलोच्या आसपास येतो. स्लॅगवाल्या सिमेंटात, म्हणजे पीएससीत, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) 25 ते 70 टक्के चालतो, निम्मा असेल तर वीस-बावीस किलो. हजार चौरस फुटाच्या घराला चारेकशे बोऱ्या लागतात, म्हणजे ओपीसीऐवजी पीपीसी घेतलं तर जवळपास पाच टन वाचतात, दोन हजार लिटर पेट्रोल जाळण्याएवढे! त्यासाठी आपल्याला करायचं काय, तर दुकानात एक शब्द बदलायचा.

राख तर आपल्या दारातच आहे, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची. जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून ती शेतात आणि नदीनाल्यात गेली होती, त्यापेक्षा ती भिंतीत गेलेली केव्हाही बरी. स्लॅग येतो पोलाद कारखान्यातल्या कच्चं लोखंड काढायच्या भट्टीतून, भिलाई आपल्याला जवळच आहे, पण पीएससी प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, मिळालं तर पायासाठी नक्की घ्या.

आता ओपीसी कुठं सरस ते पण सांगतो. 3 दिवसांची किमान ताकद 53 ग्रेडला 27 मेगापास्कल (दाब सोसायचं माप) लागते, पीपीसीला 16. म्हणून सेंट्रिंग लवकर काढायचं असेल, ठेकेदार प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई करत असेल, तिथं ओपीसी सोयीचं पडतं. पीपीसी हळू पिकतं पण 28 दिवसांनंतरही ताकद धरत राहतं, आणि गरमी कमी सोडतं, नागपूरच्या मे महिन्यात हे फार कामाचं.

पण तराई, म्हणजे काँक्रीटला पाणी देत राहणं! कोरड्या गरम हवेत ओपीसीला किमान 10 दिवस, पीपीसीला 14 दिवस पाणी पाहिजे, आणि इथंच लोक पीपीसीला कमजोर ठरवतात, पाणी सातव्या दिवशी बंद करतात आणि मग दोष बोरीला. आम्ही स्लॅबवर आळे करून पाणी भरून ठेवलं, कॉलमला गोणपाट गुंडाळलं. पूर्वेकडच्या एका कॉलमचं गोणपाट वाऱ्यानं सुटलं, दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, नखानं खरवडलं तर वरचा थर भुकटीसारखा निघाला, बाकीच्या कॉलमवर नख घसरत होतं. एकाच दिवशी भरलेले, एकाच लॉटच्या बोऱ्या.

आपल्या देशात अजून कितीतरी घरं, पूल, शाळा व्हायच्यात, चीननंतर सगळ्यात जास्त सिमेंट आपणच बनवतो, तेव्हा सिमेंट वापरूच नका असं कुणाला सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. माझं मत सरळ आहे, घरासाठी जुडाई (विटांचं बांधकाम), प्लास्टर, स्लॅब सगळं पीपीसी, पाण्याची सोय असेल तरच, बोअर आटला असेल तर काम पावसाळ्यानंतर काढा. ओपीसी फक्त जिथं इंजिनियर कारण देऊन मागेल तिथं. रेडीमिक्स मागवत असाल तर त्यात फ्लाय अ‍ॅश किती टाकता ते प्लांटवर विचारा, सांगतात.

आणि बोरी उतरवताना छापलेलं वाचा. पीपीसीच्या बोरीवर फ्लाय अ‍ॅशचा टक्का लिहिलेला असतो, सोबत कोणत्या आठवड्यात बनली ते. ताजी बघून घ्या, तीन महिने पडून असलेली परत पाठवा.