मुक्ता की ‘फुकट’ सुलेखनी फॉन्ट?

मैत्रीण घरचा मसाला विकते. पाकिटासाठी गूगल फॉन्ट्सवरचा ‘मुक्ता’ घेऊ की डाउनलोड साइटवर दिसलेला झोकदार सुलेखनी, हा तिचा पेच.

खर्च आज दोन्हीकडे शून्य. खरी मेख परवान्यात आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतो: पाकीट, फलक, जाहिरात, सगळीकडे बिनधास्त वापरा, नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही. सुलेखनीच्या झिपमधली टेक्स्ट फाइल मात्र सांगते, ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’. म्हणजे घरच्या बारशाचं निमंत्रण चालेल, विक्रीचा माल नाही. साइटवरच्या ठळक ‘फ्री’ला काडीची किंमत देऊ नका.

तपासायची मेहनत? मुक्ताचा परवाना त्याच्या पानावरच वाचता येतो. दुसऱ्यासाठी विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथल्या कॉपीराइटच्या ओळीवरून मालक शोधायचा, मेल टाकायचा. (‘एम्बेडेबिलिटी’समोर ‘एडिटेबल’ दिसलं म्हणून हुरळू नका. ते वर्ड-पीडीएफसारख्या दस्तऐवजात फॉन्ट जोडण्यापुरतं असतं.)

दिसायला मुक्ता साधाच, पण सात वजनांत, म्हणजे अक्षरांच्या सात जाड्यांत मिळतो. बारीक घटकयादीही नीट वाचता येते.

छपाई तोंडावर असेल तर मुक्ता. नावाची अक्षरं नक्षीदारच हवीत आणि हाताशी वेळ आहे, तर सुलेखनीचा व्यावसायिक परवाना विकत घ्या, पावती जपून ठेवा.