मॅन्युअल कशात लिहावे: वर्ड, मार्कडाउन की डिटा?

शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा थ्री-फेज स्टार्टर बनवणारा एक छोटा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. स्टार्टरच्या खोक्यात सोळा पानांची पुस्तिका द्यायची आहे आणि ती मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत हवी आहे. वायरमनसाठी जोडणीचे वेगळे पत्रक हवे आहे आणि मोबाइल ॲपमध्ये मदतीची पानेही हवी आहेत. हा सगळा मजकूर कशात लिहायचा, हा निर्णय बहुतेक ठिकाणी कोणी विचार करून घेतच नाही. ज्याच्या संगणकावर जे उघडे असते त्यात लिखाण सुरू होते, आणि दोन वर्षांनी फायली इतक्या वाढलेल्या असतात की पद्धत बदलण्याचे धाडस कोणाला होत नाही.

मी वर्ड, मार्कडाउन (खुणा घातलेला साधा मजकूर) आणि डिटा (तुकड्यातुकड्यांनी मजकूर साठवण्याची रचना) या तिन्ही पद्धतींनी मॅन्युअल लिहिली आहेत. त्यांची तुलना करताना मी एकच कसोटी सर्वांत वर ठेवतो: एखादे वाक्य किती ठिकाणी छापले जाणार आहे, आणि ते चुकीचे ठरले तर प्रत्येक ठिकाणी ते कोण आणि कसे दुरुस्त करणार आहे. ही कसोटी मला एका प्रसंगाने शिकवली. अशाच एका स्टार्टरच्या मराठी पुस्तिकेत ‘बटण ५ सेकंद दाबून धरावे, म्हणजे स्टार्टर ऑटोवर जाईल’ असे वाक्य होते. पुढे फर्मवेअर, म्हणजे स्टार्टरच्या आतली आज्ञावली, बदलले, ऑटोसाठी ३ सेकंद पुरेसे झाले आणि ५ सेकंद दाबल्यास नोंदवलेले सगळे मोबाइल नंबर पुसले जाऊ लागले. इंग्रजी फाइल त्याच दिवशी दुरुस्त झाली. मराठी पुस्तिका, वायरमनचे पत्रक आणि ॲपमधली मदत मिळून ते वाक्य आणखी सात जागी होते, त्यांपैकी पाच जागी मी ते बदलले आणि दोन जागा माझ्या नजरेतून सुटल्या. त्यांतली एक जागा वाचून एका शेतकऱ्याने रात्रपाळीची वीज आल्यावर बटण दाबले, आणि त्याचा स्टार्टर कोणाचाच फोन ओळखेनासा झाला. उसाचे पाणी त्या रात्री राहिले. ती चूक भाषेची नव्हती, मजकूर साठवण्याच्या पद्धतीची होती, आणि ती पद्धत मी निवडलेली होती.

वर्ड

ती पद्धत वर्डची होती, तरीही वर्डला मी सरसकट नाकारणार नाही. सर्व्हिस विभागातला माणूस, मालक, अनुवादक आणि तपासणारा इंजिनिअर या चौघांनाही वर्ड येते, आणि ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून फाइल फिरवली की कोणी काय बदलले ते दिसते. मॅन्युअल तपासून घेण्यात जितका अडथळा कमी तितकी तपासणी खरी होते, हे या कामात फार महत्त्वाचे आहे. शिवाय युनिकोड मराठीची जोडाक्षरे वर्ड नीट दाखवते आणि त्यातून काढलेली पीडीएफ बहुधा जशी दिसते तशीच छापून येते.

त्रास सुरू होतो तो शिस्त नसल्यामुळे. मथळ्याला हेडिंगची स्टाइल न लावता नुसते अक्षर मोठे आणि ठळक केले की अनुक्रमणिका आपोआप तयार होत नाही. पायऱ्यांचे आकडे हाताने टाकले की मधली एक पायरी काढल्यावर पुढचे सगळे आकडे आणि ‘पायरी ४ पाहा’ असे सगळे उल्लेख चुकतात. आकृत्यांचे क्रमांक आणि संदर्भ वर्डच्याच सोयीने घातले, छपाईला देण्याआधी संपूर्ण मजकूर निवडून फील्ड (आपोआप भरले जाणारे हे क्रमांक आणि संदर्भ) ताजी केली आणि एकच टेम्पलेट सर्वांना सक्तीचे केले, तर वर्डमध्ये ऐंशी-शंभर पानांचे मॅन्युअलही व्यवस्थित सांभाळता येते. अनेक फायली एकत्र बांधणाऱ्या ‘मास्टर डॉक्युमेंट’च्या सोयीवर मात्र विसंबू नये, कारण त्यात फायली बिघडण्याची तक्रार फार जुनी आहे. आणि एकच सूचना सात ठिकाणी लागत असेल, तर वर्डमध्ये ती व्यवहारात सात वेळा चिकटवलेलीच असते. वर्डची मर्यादा इथे येते.

मार्कडाउन आणि गिट

मार्कडाउन २००४ साली आले. साध्या मजकुराची फाइल, मथळ्यासाठी ओळीच्या आरंभी # हे चिन्ह, ठळक शब्दासाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका, एवढ्यावर ते भागते. अशा फायली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवायच्या, आणि मार्कडाउनसाठी एमकेडॉक्स किंवा त्याच धर्तीच्या स्फिंक्ससारख्या साधनाने त्यांचे संकेतस्थळ बनवायचे, ही पद्धत सॉफ्टवेअरच्या जगात रुळलेली आहे. पायथन भाषेचे अधिकृत दस्तऐवज स्फिंक्सवरच तयार होतात. साधने फुकट आहेत आणि फायली कोणत्याही एका कंपनीच्या स्वरूपात अडकत नाहीत.

या पद्धतीचे खरे मोल वेगळ्याच जागी आहे. प्रोग्रामरने बटणाची वेळ ५ वरून ३ सेकंदांवर आणली, तर त्याच बदलाच्या प्रस्तावात मॅन्युअलची ओळही बदललेली असली पाहिजे, असा नियम करता येतो. ओळ बदललेली नसेल तर तपासणारा प्रस्ताव परत पाठवतो. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती निघणाऱ्या ॲपसाठी याहून चांगली व्यवस्था मी पाहिलेली नाही. यात एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी लागते, ती म्हणजे प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिणे. गिट बदल ओळीनुसार दाखवते. सबंध परिच्छेद एकाच ओळीत असला तर एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो आणि तपासणाऱ्याचे डोळे थकतात.

पण छापील पुस्तिकेसाठी मार्कडाउन तोकडे पडते. मूळ मार्कडाउनमध्ये धोक्याच्या सूचनेला स्वतंत्र स्थान नाही, ते प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने देते. फ्यूजच्या क्षमतेचा तक्ता करताना रकाने एकत्र जोडावे लागतात, आणि मार्कडाउनच्या नेहमीच्या तक्त्यात ते करता येत नाही. पॅनडॉक हे फायलींचे रूपांतर करणारे साधन वापरून पीडीएफ काढताना मराठीसाठी झीलेटेकसारखे युनिकोड जाणणारे इंजिन मुद्दाम निवडावे लागते, नाहीतर देवनागरी उमटतच नाही. आणि सर्व्हिस विभागातल्या, वीस वर्षे शेतावर जाऊन स्टार्टर दुरुस्त केलेल्या माणसाला गिट शिका असे सांगितले, तर तो सूचना देणेच बंद करतो. त्याच्या सूचना मला गिटच्या सगळ्या सोयींपेक्षा मोलाच्या वाटतात. म्हणून त्याच्यासाठी छापील प्रुफावर लाल पेनने खुणा करण्याची वाट मी उघडी ठेवतो.

डिटा

डिटा म्हणजे डार्विन इन्फर्मेशन टायपिंग आर्किटेक्चर. ही एक्सएमएलवर, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावण्याच्या पद्धतीवर, आधारलेली रचना आयबीएममध्ये तयार झाली, पुढे ओएसिस या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेकडे गेली आणि २००५ साली तिची पहिली प्रमाणित आवृत्ती निघाली. यात मॅन्युअल सलग लिहीत नाहीत, छोटे स्वतंत्र टॉपिक लिहितात: संकल्पना सांगणारे, कृती सांगणारे आणि संदर्भासाठीचे. कोणत्या पुस्तिकेत कोणते टॉपिक कोणत्या क्रमाने जातील ते मॅप नावाच्या फाइलमध्ये ठरते.

कृतीच्या टॉपिकची रचना लेखकाला पळवाट ठेवत नाही. आधी कोणती तयारी हवी, मग पायऱ्या, मग काय झालेले दिसले पाहिजे, असा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक पायरीत काय करायचे ते सांगणारे वाक्य असावेच लागते. ‘मेन स्विच बंद असल्याची खात्री असणे आवश्यक आहे’ असे मोघम विधान त्या चौकटीत लिहिताना हात अडखळतो आणि आपोआप ‘झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा’ असे लिहिले जाते. ही सूचना एकदाच एका फाइलमध्ये ठेवायची आणि बाकी सगळीकडे तिचा नुसता संदर्भ द्यायचा. ती एका जागी बदलली की पुस्तिका, पत्रक आणि ॲपची मदत पुन्हा तयार करताना सर्वत्र बदलते. ५ अश्वशक्तीच्या आणि १० अश्वशक्तीच्या मॉडेलसाठी वेगळ्या असलेल्या पायऱ्यांना खूण करून, एकाच मजकुरातून दोन पुस्तिका गाळून काढता येतात. अनुवादालाही टॉपिकनिहाय जाता येते, त्यामुळे न बदललेला मजकूर पुन्हा पाठवावा लागत नाही.

हे सर्व महाग पडते, आणि ती किंमत केवळ पैशांची नाही. डिटाच्या फायलींतून पीडीएफ वगैरे तयार करणारे डिटा ओपन टूलकिट फुकट मिळते, परंतु रोज काम करण्यासाठी चांगल्या एक्सएमएल संपादकाचे लायसन्स घ्यावे लागते, पीडीएफचे रूप हवे तसे करून घेण्यासाठी जाणता माणूस लागतो, आणि लेखकांचे पहिले काही महिने शिकण्यात जातात. एकच लेखक असेल आणि तो सोडून गेला, तर मागे राहिलेली डिटाची फाइल उघडून दुरुस्त करणारे कारखान्यात कोणीही नसते.

मराठीमुळे पडणारा फरक

तिन्ही पद्धतींचे गुणगान करणारे लोक एका सोयीवर फार भर देतात: उत्पादनाचे किंवा भागाचे नाव एका जागी ठेवा आणि वाक्यात तेथे नुसती खूण घाला, म्हणजे नाव बदलले की सगळीकडे बदलेल. इंग्रजीत हे चालते. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलते आणि क्रियापद नामाच्या लिंगानुसार चालते. खुणेच्या जागी आधी ‘डबा’ असेल आणि नंतर ‘पेटी’ आली, तर ‘डब्याचे झाकण’ याचे ‘पेटीचे झाकण’ व्हावे लागते, ‘डबा उघडला’ याचे ‘पेटी उघडली’ व्हावे लागते, आणि नुसता शब्द बदलणारे यंत्र ‘डबाचे झाकण’ आणि ‘पेटी उघडला’ अशी मोडकी वाक्ये छापते. म्हणून मराठीत शब्दाचा पुनर्वापर करू नये, पूर्ण वाक्याचा किंवा पूर्ण पायरीचा करावा. जी पद्धत पूर्ण वाक्याचा पुनर्वापर चांगला करते ती मराठीला मानवते, आणि या एका मुद्द्यावर डिटा इतर दोघांपेक्षा स्पष्टपणे पुढे आहे.

ॲपच्या मदतीत शोधण्याची सोय द्यायची असेल तर तीही मराठी शब्दांनी तपासून घ्यावी. ‘मोटार’ शोधल्यावर ‘मोटारीला’ असलेले पान सापडेलच असे नाही.

छपाईचा टप्पा वेगळाच आहे. आपल्याकडचे अनेक डीटीपी करणारे अजूनही युनिकोडपूर्व फाँटांत काम करतात. मजकूर त्या फाँटांत उतरवला की प्रुफावर केलेल्या दुरुस्त्या तेथेच राहतात आणि मूळ फाइलमध्ये परत येत नाहीत. पुढच्या छपाईला जुन्याच चुका नव्याने उगवतात. यासाठी छापखान्याला वर्डची फाइल न देता फाँट अंतर्भूत केलेली अंतिम पीडीएफच द्यावी, आणि प्रुफात ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कोरड्या’ असे शब्द मुद्दाम पाहावेत, कारण मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात जाताना प्रथम अशीच जोडाक्षरे मोडतात. स्टार्टरच्या पडद्यावर जे आकडे आणि जी अक्षरे दिसतात ती पुस्तिकेत तशीच छापावीत, त्यांचे मराठीकरण करू नये. वाचणारा अंधारात बॅटरी धरून पुस्तिका आणि पडदा जुळवून पाहत असतो.

वापरपुस्तिकेला कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीचे इशारे नसतील तर उत्पादक नुकसानीस जबाबदार धरला जाऊ शकतो. त्यामुळे कोणत्या स्टार्टरसोबत कोणती पुस्तिका गेली हे नंतर सिद्ध करता आले पाहिजे. गिटमध्ये हा इतिहास आपोआप राहतो आणि डिटाच्या फायलीही गिटमध्ये ठेवता येतात. वर्डमध्ये हे हाताने करावे लागते, म्हणजे प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दस्तऐवज क्रमांक, तारीख आणि फर्मवेअरची आवृत्ती छापायची आणि ती पीडीएफ कायमची वेगळी जपून ठेवायची.

उदाहरणातल्या कारखान्याकडे आज दोनच मॉडेल असतील आणि लिहिणारा एकच माणूस असेल, तर मी त्याला पुस्तिका आणि पत्रक वर्डमध्येच ठेवायला सांगेन, पण वारंवार येणाऱ्या सूचनांची एक वेगळी यादी करून प्रत्येक सूचना कोठे कोठे वापरली आहे ते तिच्यासमोर लिहायला लावेन. ती यादी माझ्याकडे असती तर सुटलेल्या दोन जागा सापडल्या असत्या. ॲपची मदत त्याने आजच मार्कडाउनमध्ये न्यावी, कारण ती प्रोग्रामरच्या हाताशी असली तरच ताजी राहते. डिटाचा विचार त्याने मॉडेल सहा-सातच्या पुढे गेली, भाषा तीनहून अधिक झाल्या आणि लिहिणारे किमान दोघे असले तेव्हा करावा. त्याआधी डिटात उतरलेली आणि अर्ध्यावर सोडून पुन्हा वर्डकडे आलेली कामे मी पाहिली आहेत. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, नियमाचे नाहीत.

निश्चय होत नसेल तर ‘नवीन मोबाइल नंबर नोंदवणे’ ही एकच कृती निवडावी, ती तिन्ही पद्धतींनी मराठीत लिहावी आणि पीडीएफ काढावी. मग तिच्यातली एक सूचना बदलून ती सर्व ठिकाणी पोचायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून पाहावे. तीनही छापील पाने, त्यांच्यात काय फरक आहे ते न सांगता, स्टार्टर समोर ठेवून एखाद्या वायरमनच्या हाती द्यावीत आणि वाचताना त्याचे बोट कोणत्या ओळीवर थांबते ते टिपून घ्यावे.