पाच किलो काचेचे पैसे भरले, आल्या रंग फासलेल्या कांड्या: माझे २१,८९९ रुपये कसे गेले

२१,८९९ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण आजवर घरात मी तो कमी करूनच सांगत आले. यांना म्हणाले पंधरा हजार गेले, बहिणीला म्हणाले दहा-बारा. खरा आकडा पहिल्यांदा पोलिसांपुढे तोंडातून निघाला आणि तिथे समोरच्या माणसाने मान वर करूनही पाहिलं नाही.

मी नागपूरला प्रतापनगरात राहते. सहा वर्षांपासून घरी टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काच वितळवून मणी करते, दिवाळीआधीच्या प्रदर्शनांत विकते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक वर्ग घेते. "ऑनलाइन कशाला मागवायचं, इतवारीत नाही का मिळत?" असं मला दहा जणांनी ऐकवलं आहे. इतवारीत तयार मणी पोत्याने मिळतात हो. मणी करायच्या काचेच्या कांड्या नाही मिळत. पुरदिलनगरला आणि बनारसला पिढ्यान् पिढ्या मणी होतात, पण तिथली काच तिथल्या भट्ट्यांसाठी असते. आमच्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्या बाईला दोन-पाच किलो, रंग निवडून, १०४ ची काच देणारे आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परदेशातून मागवली तर टपाल आणि कस्टम मिळून काचेपेक्षा महाग पडते. म्हणून शोधाशोध केली. हौस म्हणून नाही, हे माझं काम आहे.

ज्यांना १०४ म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: तापल्यावर काच किती फुगते त्याचा तो आकडा. १०४ ची मऊ काच १०४ च्याच काचेबरोबर वापरायची. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच ३३ ची असते. दोन्ही एका मण्यात आल्या तर गार होताना मणी तडकतो, कधी आठवड्यानंतर गिऱ्हाईकाच्या गळ्यात तडकतो. म्हणून आम्ही काच डोळे झाकून घेत नाही. आणि तरी मी घेतली.

२ मेच्या रात्री ऑनलाइन सापडलेल्या एका दुकानाला ऑर्डर दिली. १०४ ची काच पाच किलो, १,८५० रुपये किलोने ९,२५०. मॅन्ड्रेल म्हणजे मणी गुंडाळायच्या स्टीलच्या सळया, ५० नग, १,४००. बीड रिलीज, म्हणजे मणी सळईवरून सुटावा म्हणून तिला लावायचा लेप, त्याची बाटली ७८०. ज्योतीपुढे लावायचा डायडिमियमचा चष्मा ३,२००. पाठवणी ६५०. एकूण १५,२८०. दर पडेल किमतीचे नव्हते, हे मुद्दाम सांगते. "स्वस्ताच्या मोहात पडली असशील" असं जे म्हणतात त्यांनी हे आकडे बघावेत. बाजारभावापेक्षा किलोमागे शे-दीडशे कमी, बस. चोर शहाणे झालेत, ते आता निम्म्या किमतीत देऊ करत नाहीत.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला आजही रात्री झोप लागत नाही.

मी सात वर्षं एका ठोक दुकानात बिलं लिहिली आहेत. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात हे मला झोपेतही सांगता येतं. महाराष्ट्र २७, उत्तर प्रदेश ०९, दिल्ली ०७. पैसे भरायच्या आधी सावधगिरी म्हणून मी त्यांच्या पानावरून दुकानाचा पत्ता आणि जीएसटी नंबर माझ्या वहीत उतरवून घेतला. निळ्या पेनने. वरच्या ओळीत पत्ता: फिरोजाबाद, उत्तर प्रदेश. खालच्या ओळीत नंबर, सुरुवात २७ ने. दोन ओळी एकाखाली एक, माझ्याच अक्षरात, आणि नंबरच्या पुढे मीच बरोबरची खूण केलेली आहे. नंबर आहे एवढंच मी पाहिलं, नंबर काय आहे ते वाचलं नाही. दुकानात असं बिल समोर आलं असतं तर मी पोराला हाक मारून परत पाठवलं असतं. नंतर सरकारी जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकून पाहिला. निघाला आपल्याच राज्यातल्या कुणा कापडवाल्याचा. त्या बिचाऱ्याला बहुधा ठाऊकही नसेल. हा शोध फुकट आहे आणि एका मिनिटाचा आहे. तुम्ही पैसे भरायच्या आधी करा, मी नंतर केला.

यूपीआयच्या पडद्यावर दुकानाच्या नावाऐवजी एका माणसाचं नाव आलं, तेही दिसलं होतं. मालकाचं असेल म्हटलं. छोट्या धंद्यात असं असतंच, मी स्वतः माझ्या नावावरच पैसे घेते. पण माझ्या पानावर माझंच नाव लिहिलेलं आहे. त्यांच्या पानावर त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं.

६ मेला त्यांच्या कस्टमर केअरचा व्हॉट्सअ‍ॅप आला. माल नाजूक आहे, विमा काढल्याशिवाय कुरिअर उचलत नाही, २,४९९ भरा, डिलिव्हरी झाली की परत मिळतील. भरले. काचेचा विमा असतो, यात मला काही वावगं वाटलं नाही. आता सांगते: एकदा पूर्ण पैसे दिल्यावर दुसऱ्यांदा कुणीही, कशासाठीही मागितले तर तिथेच थांबा. "परत मिळणारे" असं म्हटलं तर दोनदा थांबा.

१४ मेला भर दुपारी दीड वाजता पार्सल आलं. पारा ४५ च्या आसपास, आणणारा पोरगा घामाने निथळत दारात उभा. "मावशी, ओटीपी सांगा ना लवकर." मी सांगितला, त्याला पाणी दिलं, तो गेला. त्या पोराचा काही दोष नाही. पण तो ओटीपी सांगितला त्या क्षणी माझी सगळी बाजू मेली, कारण कागदावर "माल पोचला" झालं. खोक्यावरच्या चिठ्ठीवर वजन छापलेलं होतं: १.१८० किलो. पाच किलो काच मागवली होती मी. चिठ्ठी डोळ्यांसमोर होती. वजन वाचायला किती वेळ लागतो? ओटीपी देण्याआधी वजन वाचा. खोकं फोडताना कुणाला तरी हातात मोबाइल देऊन अखंड व्हिडिओ काढायला लावा, चिठ्ठीपासून आतल्या शेवटच्या वस्तूपर्यंत. मी काढला नाही, आणि पुढे प्रत्येकाने मला पहिला प्रश्न तोच विचारला.

आत ३१ कांड्या होत्या, लाल, निळ्या, हिरव्या. रंग छान चमकत होते. मे महिन्यात मी टॉर्चवर पहाटे साडेपाचला बसते, कारण कुलर चालू ठेवला तर त्याच्या वाऱ्याने ज्योत हलते आणि बंद केला तर नंतर खोलीत बसवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे लाल कांडी ज्योतीत धरली. मऊ काच कशी टोकाशी केशरी होते, गोळा धरते आणि मधासारखी लोंबायला लागते. इथे आधी वास आला, जळक्या रंगाचा. मग लाल रंगाला फोड आले, तो काळा पडला आणि सालपटासारखा सुटून टेबलावर पडला. खाली पांढरी, आरपार काच. वाट बघत बसले, तरी थेंब धरेना, टोक नुसतं गोल झालं. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्रावण ढवळायला असतात त्या काचकांड्या होत्या त्या, वरून रंग फासलेल्या. ३१ च्या ३१.

सळया म्हणजे कापलेली लोखंडी तार, टोकांना गंज. बाटलीत पांढरं पाणी.

चष्म्याबद्दल मात्र नीट लिहिते, कारण तिथे फक्त पैशांचा प्रश्न नाही. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे डोळ्यांपुढे पिवळ्या-केशरी प्रकाशाचा भडका उठतो. डायडिमियमची काच नेमका तो पिवळा प्रकाश अडवते, भडका नाहीसा होतो आणि आतलं तापलेलं टोक स्वच्छ दिसतं. मी जुन्या साठ्यातली मऊ काच ज्योतीत धरली आणि नवा चष्मा लावला. भडका जसाच्या तसा. जांभळट रंगाचं प्लॅस्टिक होतं ते. माझ्याकडे जुना खरा चष्मा आहे म्हणून फरक कळला. हा नवा मी वर्गातल्या बायकांसाठी मागवला होता. पहिल्यांदाच बसणारी मुलगी तो लावून तासभर ज्योतीकडे बघत राहिली असती, आणि तिला काय कळणार?

२४ मेला वर्ग होता. सहा जणींकडून प्रत्येकी १,५०० घेतलेले. त्या घाईतच माझ्या हातून तिसरी चूक झाली आणि तीच मला सगळ्यात जास्त लागते. पानावरच्या नंबरला फोन केला तर चक्क मराठीत बोलणारी बाई. "ताई, चुकून दुसऱ्याचं पार्सल आलं तुम्हाला, मलाच वाईट वाटतंय बघा." किती गोड बोलली! दहा मिनिटांत १७,७७९ रुपयांच्या परताव्याची पीडीएफ पाठवली, माझं नाव, ऑर्डर नंबर, खाली शिक्का. फक्त परतीचं पिकअप आणि फाइलचे ४,१२० आधी भरायचे, सगळे एकत्र परत येतील. मी भरले. शिकलेली बाई, बिलं लिहिणारी बाई, तरी भरले. कारण पहिले १७,७७९ डोळ्यांसमोर दिसत होते. ती पीडीएफ कुणीही पाच मिनिटांत बनवू शकतं. तुमचे पैसे परत करायला तुमच्याकडूनच पैसे मागत असतील तर तो चोरच आहे. त्यानंतर फोन लागला नाही. वर्ग रद्द केला, सहा जणींचे ९,००० परत केले. ते मी २१,८९९ मध्ये धरलेलेच नाहीत.

इथपर्यंत माझी चूक होती, मान्य. पुढचं मात्र माझी चूक नाही.

बँकेत गेले. "मॅडम, पिन तुम्हीच टाकला ना? मग हा अनधिकृत व्यवहार होत नाही." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर ऑनलाइन करा. ऑनलाइन केला तर शाखेत भेटा असं उत्तर आलं. पोलीस ठाण्यात गेले. दोन तास बाकावर बसवलं. मग विचारलं, "माल तर आला ना तुमच्याकडे?" आला, पण खोटा आला. "मग हे ग्राहकाचं मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा." मी म्हटलं, खोटा पत्ता, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, खोटी पीडीएफ दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे, भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे. तर म्हणाले, "लई अभ्यास करून आल्या मॅडम." तिथून सायबरवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी रक्कम ऐकून परत पहिल्याच ठाण्यात पाठवलं. उन्हात चार फेऱ्या, ऑटोला सहाशेच्या वर गेले. दर फेरीला नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं आणि दर वेळी तोच प्रश्न, "आधी चौकशी काऊन नाही केली?" चोराला कुणी काही विचारत नाही. मला विचारतात. कांड्या मी पिशवीत घालून नेल्या होत्या, सोललेली लाल कांडी टेबलावर ठेवली. कुणी हातात घेऊन पाहिली नाही. ऑनलाइन तक्रारीचा नंबर मिळाला होता, तीन आठवड्यांनी मेसेज आला, तक्रार बंद. कुणाला न विचारता बंद.

कुरिअरवाले पाठवणाऱ्याचा पत्ता देत नाहीत, गोपनीयता म्हणे. आणि ग्राहक आयोगात तक्रार करायची तर समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो, नोटीस त्यावर जाते. खोट्या पत्त्यावर नोटीस कुणाला मिळणार? म्हणजे पोलीस पत्ता काढणार नाहीत कारण हे आयोगाचं काम, आणि आयोगात पत्त्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. या दोघांच्या मधल्या फटीत हे लोक धंदा करतात, म्हणून तर रिकामं खोकं न पाठवता काहीतरी भरून पाठवतात.

तरीही तक्रार करा. पैसे गेल्या-गेल्या, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येऊ शकतात. मी लाजेपायी यांना सांगू की नको यात तीन दिवस घालवले. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, फिरोजाबादला जावं लागत नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव पानावर द्यायचं असतं, २०२० च्या नियमांत आहे ते. नसेल तर पान तिथेच बंद करा. नवीन ठिकाणाहून काच घेताना एकच कांडी मागवा, जाळून बघा, मग किलोने घ्या. जमत असेल तर क्रेडिट कार्डाने भरा, तिथे वाद घालायला जागा असते. आणि विकणाऱ्याला सांगा, आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून कांडी ज्योतीत वितळवतानाचा व्हिडिओ पाठव. खरा काचवाला हसत हसत पाठवेल.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. पण मागच्या आठवड्यात वर्गातल्या एकीने लिंक पाठवली, "ताई, इथे १०४ ची काच मिळतेय, मागवू का?" नाव वेगळं, पत्ता आता जयपूरचा. फोटो तेच. राजस्थानचा आकडा ०८. मी वही काढली, निळ्या पेनची ती ओळ शोधली आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. पंधराच्या पंधरा तीच होती, सुरुवात २७ ने. तिला लगेच फोन केला. तिने पैसे भरलेले नव्हते.